ई-रीडर की छापील पुस्तक (खानदेश)

ई-रीडर की छापील पुस्तक (खानदेश) : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतल्या मराठी वाचकाला पुस्तकावर पैसे खर्च करताना पडणारा प्रश्न. ई-रीडर म्हणजे फक्त वाचनासाठी केलेले, ई-शाईचा पडदा असलेले उपकरण. कंपनी कोणतीही असो, बोलण्यात त्याला ‘किंडल’च म्हणतात, जसे वनस्पती तुपाला डालडा. मोबाईल किंवा टॅबवरचे वाचन या नोंदीत धरलेले नाही, कारण तो पडदा वेगळ्या जातीचा आहे. पुण्या-मुंबईत हा प्रश्न बहुधा आवडीनिवडीचा असतो. खानदेशात आवडीच्या आधी ऊन आणि बोली यांचा विचार करावा लागतो.

उपकरण : ई-शाईच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे व पांढरे विद्युत्भारित कण. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे खाली जातात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही, ती पान बदलतानाच खर्च होते. म्हणून एका चार्जिंगवर हे यंत्र काही आठवडे चालते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक कंपनी निघाली, सोनीने २००४ मध्ये जपानात असा पडदा असलेले पहिले वाचनयंत्र विकायला आणले, ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आले आणि २०१२ पासून भारतातल्या दुकानांत मिळू लागले. मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख मात्र डिसेंबर २०१६. किंडलच्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांचे दालन तेव्हा उघडले.

पडदा कागदासारखाच बाहेरच्या उजेडावर वाचायचा असतो. रात्रीसाठी कडेने सोडलेला मंद प्रकाश असतो, तो डोळ्यांवर न येता पडद्यावर पडतो. भर उन्हात मोबाईलचा पडदा काळाठिक्कर दिसतो तिथे ई-शाईचे अक्षर उलट जास्त खुलते. बांधावरच्या निंबाखाली बसून वाचणाऱ्याला याहून चांगले काय हवे, असे वाटते. आणि इथेच खानदेश आडवा येतो.

ऊन : किंडलसोबतच्या सूचनांत वापरण्याचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस आणि ठेवण्याचे कमाल तापमान ४५ अंश दिलेले असते. जळगाव-भुसावळकडे मार्च ते जून दुपारचा पारा ३५ च्या वर असतो आणि मे महिन्यात ४५ ओलांडणे ही बातमी राहिलेली नाही. म्हणजे उन्हात सर्वांत स्पष्ट दिसणारा पडदा उन्हालाच भितो. हे आकडे सावलीतले. पत्र्याच्या घरात, बंद गाडीत किंवा स्कूटीच्या डिकीत याहून कितीतरी जास्त तापते. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, तीही एका दिवसात नाही. तीन उन्हाळे काढल्यावर आठवड्यांची बॅटरी दिवसांवर आली की लक्षात येते.

उपाय साधे आहेत आणि इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, कारण केळीच्या रोपाला आणि पिण्याच्या पाण्याला तो तेच करतो : ओल्या फडक्याचा माठ ज्या कोपऱ्यात ठेवतो त्याच कोपऱ्यात यंत्र ठेवायचे, पण माठापासून हातभर दूर. गाडीत विसरायचे नाही. तापलेले यंत्र लगेच चार्जिंगला लावायचे नाही. फ्रिजमध्ये ठेवू नये हेही सांगावे लागते, कारण ठेवणारे आहेत. थंड यंत्र बाहेर काढले की दमट हवेत त्यावर दव धरते.

कागदाचे उन्हाशी भांडण वेगळ्या प्रकारचे. लाकडी लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, ते उजेड आणि उष्णतेने पिवळे पडते व कागद कुरकुरीत होतो. शिवण न घालता नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या बांधणीचे पुस्तक दोन-तीन उन्हाळ्यांनंतर मधोमध उघडले की कणा ‘कट्’ वाजतो आणि सोळा पाने हातात येतात. खानदेशातल्या कपाटांत असे गठ्ठे रबरबँड लावून ठेवलेले दिसतात. रबरबँडही उन्हाने वितळून पुठ्ठ्याला चिकटते. पावसाळ्यात वाळवी आणि कसर यांची पाळी. तरी सुटे झालेले पुस्तक वाचता येते. बंद पडलेल्या ई-रीडरचे तसे नाही.

अक्षर व बोली : मराठी ई-पुस्तकांची संख्या इंग्रजीच्या मानाने तोकडी आहे, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून जास्त त्रास देते ती अक्षरांची मोडतोड. बरीच मराठी पुस्तके युनिकोड ही सर्व यंत्रांना समजणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या, छपाईपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. मग लग्नात जेवण करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि दऱ्यांचा दर्या. छापील पुस्तकात मुद्रणदोष असला तरी तो कोणा जुळाऱ्याचा असतो, इथे यंत्र एकाच चुकीची शंभर ठिकाणी पेरणी करते. दुसरा मार्ग स्कॅन केलेल्या पीडीएफचा. संस्थांच्या संकेतस्थळांवर, उदाहरणार्थ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या, पुष्कळ चांगली पुस्तके फुकट आहेत, पण ती या रूपात. सहा इंची पडद्यावर डेमी, म्हणजे नेहमीच्या छापील पुस्तकाच्या आकाराचे पान आणले की अक्षर मुंगीएवढे होते, मोठे करावे तर ओळ दोन्ही बाजूंनी कापली जाते. असे साहित्य वाचायचे असेल तर दहा इंची यंत्र घ्यावे किंवा सरळ झेरॉक्स काढावी. झेरॉक्स स्वस्त पडते.

बोलीचा प्रश्न याच्याही पुढचा. अहिराणीत, म्हणजे खानदेशाच्या बोलीत, प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो : डोळा–डोया, काळा–काया, केळी–केयी. प्रमाण मराठीवर पोसलेला शब्दतपासक या शब्दांखाली लाल रेघ ओढतो, कधी न विचारता दुरुस्त करून टाकतो. यंत्रात शब्दावर बोट दाबले की अर्थ दिसण्याची सोय आहे, पण ‘दिसस’ (दिसते) किंवा ‘आते’ (आता) यांवर दाबले तर ते गप्प बसते. अहिराणी कवितासंग्रह आणि कथासंग्रह बहुतांश लेखकाने पदरमोड करून थोड्या प्रतींत छापलेले असतात, संमेलनाच्या मांडवात विकले जातात आणि त्यांची ई-आवृत्ती क्वचितच निघते. नंदुरबारकडच्या भिल्ली आणि पावरी बोलींची अवस्था आणखी बिकट. म्हणून खानदेशाबाहेरचे जग वाचायला ई-रीडर आणि खानदेश वाचायला कागद, अशी वाटणी आपोआप झालेली आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही, पण न्याय्यही नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो (मरणोत्तर प्रकाशित लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षे). धरणगावचे बालकवी ठोंबरे १९१८ मध्ये, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी १९५० मध्ये आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मागे छापली गेली. या तिघांचे साहित्य आता मुक्त आहे, ई-रीडरवर एक पैसा न देता घेता येते. बहिणाबाईंना स्वतःला वाचता येत नव्हते. छापखाना पाहून त्यांना सुचले ते असे, की छापून कोरा कागद शहाणा होतो, माणूस मात्र तसाच वेडा राहतो. ई-शाईच्या कुपीतले कण पाहून त्यांनी काय म्हटले असते, याची कल्पना वाचकाने करावी.

वाचक : ई-रीडरचा सर्वांत समाधानी ग्राहक म्हणजे ‘अपडाऊन’ करणारा. भुसावळ-जळगाव, अमळनेर-जळगाव किंवा सुरत मार्गावर नंदुरबारकडे रोज रेल्वेने ये-जा करणारे शिक्षक, बँकवाले, रेल्वे कर्मचारी. उभ्याने प्रवास, एका हाताने वरची कडी धरलेली. पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचे यंत्र दुसऱ्या हातात मावते आणि अंगठ्याने पान उलटते. चारशे पानांची कादंबरी एका हाताने उघडी ठेवून पाहावी, म्हणजे फरक कळतो.

दुसरा ग्राहक म्हणजे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले वा लांबवलेले आबा-नाना. छापील अक्षर मोठे करता येत नाही, यंत्रातले येते. यावल तालुक्यातल्या एका ओट्यावरचा प्रसंग : नातू यंत्र पुढे धरून विचारतो, ‘‘आबा, आते दिसस का?’’ आबा म्हणतात, ‘‘दिसस, पन आंगठा कोठे ठेवू?’’ शंका रास्त आहे. पुस्तक धरताना अंगठा पानावरच असतो, इथे तो टेकला की पान पळते. पन्नास-साठ वर्षांची धरण्याची सवय मोडायला आबांना आठवडा लागला आणि त्या आठवड्यात त्यांनी एकच प्रकरण चार वेळा वाचले.

तिसरा वाचक रात्रीचा. शेतीपंपाला थ्री-फेज लाइट रात्रीच्या पाळीत येते तेव्हा मोटारीजवळ बसून राहावे लागते. अशा वेळी मंद उजेडाचे यंत्र बरे, एवढेच. किडे त्यावरही येतात.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत मात्र ई-रीडर जवळजवळ दिसत नाही आणि त्यामागे शहाणपण आहे. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा, एकूण १,७०,००० हून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर घड्याळ लावून वाचायचा असेल तर कागदावर आकलन जास्त होते, असे त्यात आढळले. कथेच्या बाबतीत चित्र सौम्य आहे. नॉर्वेतल्या ॲन मँगेन यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये केलेल्या प्रयोगात ५० जणांनी एकच दीर्घकथा वाचली, निम्म्यांनी किंडलवर, निम्म्यांनी कागदावर. आकलन बहुतेक सारखेच निघाले, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे सांगताना किंडलवाले मागे पडले. डाव्या हातातली पाने वाढत जातात आणि उजव्या हातातली कमी होतात, तो हिशोब बोटे ठेवतात असा एक तर्क आहे. ‘ते डाव्या पानावर खाली होतं’ असे आठवणारा परीक्षार्थी तो तर्क रोज पडताळून पाहतो.

पारायण हे खानदेशातले सर्वांत जुने आणि सर्वांत नेमाने होणारे वाचन, त्याचा उल्लेख अशा चर्चांत होत नाही. श्रावणात मंदिरात व्यासपीठावर पोथी उघडते, एक वाचतो, पन्नास ऐकतात. मोठा टाइप, सुटी वा जाड पाने, चष्म्याशिवाय दिसेल असे अक्षर. ई-रीडरची बढाई असलेले सर्व गुण तिथे आधीच आहेत. शिवाय हळद-कुंकवाची बोटे चालतात. चार्जिंगला लावलेली पोथी अजून कोणी पाहिलेली नाही.

पैसा आणि मालकी : उपकरण दहा ते वीस हजारांच्या घरात पडते. समजा ते १२,००० रुपयांना घेतले आणि ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा सरासरी ८० रुपयांनी स्वस्त मिळाले, तर १५० पुस्तकांनंतर यंत्राचे पैसे वसूल. आठवड्याला दोन वाचणाऱ्याला दीड वर्ष लागेल, महिन्याला एक वाचणाऱ्याला साडेबारा वर्षे, आणि तोवर बॅटरी साथ देईलच असे नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर जुलै २०१८ पासून ५ टक्के आहे. वर्षाला बारा-पंधरा पुस्तके वाचणाऱ्या माणसाने पैसे वाचवण्यासाठी ई-रीडर घेऊ नये. डोळ्यांसाठी किंवा रेल्वेसाठी खुशाल घ्यावा.

हिशोबात न बसणारी गोष्ट म्हणजे उसनवारी. खानदेशात पुस्तक एकाने विकत घ्यायचे आणि गल्लीने वाचायचे, ही रीत आहे. परत येताना त्यावर शेवभाजीच्या तर्रीचा डाग असतो आणि तो कोणाच्या घरचा हे रंगावरून ओळखता येते. ई-पुस्तक घेणारा मालक होत नाही, त्याला वाचण्याचा परवाना मिळतो. ते शेजारच्या काकूंना देता येत नाही, रद्दीत विकता येत नाही, वाचनालयाला देणगी देता येत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या गोंधळामुळे जॉर्ज ऑर्वेल यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून दुरून पुसल्या (पैसे परत केले). फेब्रुवारी २०२५ पासून खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोयही त्या कंपनीने काढून घेतली. ई-पब या कोणा एका कंपनीला न बांधलेल्या स्वरूपातले, नकलेला कुलूप नसलेले पुस्तक मिळत असेल तर तेच घ्यावे.

वाचनालये हा या वादातला तिसरा पक्ष आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत तोच खरा पर्याय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली तालुक्या-गावांतली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेतात. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय ही जुनी ठिकाणे आजही चालू आहेत. अनामत भरून वर्षाची वर्गणी दिली की बारा हजारांचा प्रश्नच उरत नाही. मात्र नवी पुस्तके उशिरा येतात आणि गाजलेल्या कादंबरीचे शेवटचे पान कोणीतरी आधीच फाडून नेलेले असते.

टिकाऊपणाचा विषय निघाला की खानदेशात बोट धुळ्याकडे जाते. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते आहेत, त्यांत समर्थांच्या हस्ताक्षरातले म्हणून जपलेले वाल्मीकी रामायण. त्याच गावात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले आणि त्यांनी गोळा केलेली दप्तरे राजवाडे संशोधन मंडळाकडे आली. हा कागद हातबनावटीचा, चिंध्यांपासून केलेला, लाकडी लगद्याचा नव्हे. शाई काजळीची. तीनशेहून जास्त उन्हाळे त्याने धुळ्याच्या किंवा तशाच हवेत, विजेवाचून, कापडाच्या रुमालात बांधून काढलेले आहेत.