‘लिव्हिड’: काळानिळा ते संतप्त

आज इंग्रजीत कोणी ‘शी वॉज लिव्हिड’ म्हटलं, की ती भयंकर संतापली होती एवढंच कळतं. तिच्या चेहऱ्याचा रंग कोणता होता, हे कोणी विचारत नाही. शब्द मात्र मुळात रंगाचाच.

लॅटिनमधला ‘लिविडुस’ म्हणजे शिशासारखा करडा-निळा, किंवा मार बसून काळानिळा पडलेला. स्लाव भाषांत प्लमला म्हणतात तो ‘स्लिवा’ याच कुळातला मानला जातो. लॅटिनमध्ये मत्सराने जळणाऱ्यालाही हेच विशेषण लागे. म्हणजे भावनेची छटा जुनीच. इंग्रजीत मात्र १५व्या शतकात शब्द आला तो रंग घेऊन.

वैद्यकाने तो रंग अजून सोडलेला नाही. मुका मार लागला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. डाग आधी लालसर असतो, एक-दोन दिवसांत निळा-जांभळा होतो. पुढे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं विघटन होऊन रंगद्रव्यं तयार होतात: बिलिव्हर्डिनमुळे डाग हिरवट आणि बिलिरुबिनमुळे पिवळट दिसतो. ‘लिव्हिड’ शोभतो तो निळ्या-जांभळ्या टप्प्याला. पिवळ्या पडलेल्या जुन्या डागाला नाही.

न्यायवैद्यकात ‘पोस्टमॉर्टेम लिव्हिडिटी’, म्हणजे मृत्यूनंतर देहावर उमटणारे डाग, पाहतात. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं. साधारण अर्ध्या ते दोन तासांत डाग दिसू लागतात आणि ८ ते १२ तासांत पक्के होतात. त्याआधी अंगठ्याने दाबलं तर तेवढी जागा फिकी पडते. देह उताणा असेल तर खांदे आणि नितंब जिथे जमिनीला टेकतात, तिथे दाबामुळे डाग उमटतच नाही. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असेल तर डाग चेरीसारखे लाल असतात, तरी नाव लिव्हिडिटीच!

रागाचा अर्थ आला तो ‘लिव्हिड विथ रेज’ यांसारख्या प्रयोगांतून. संतापाने चेहऱ्याचा रंग पालटला, असं सांगायचं असे. हळूहळू ‘विथ रेज’ गळालं आणि विसाव्या शतकात नुसता ‘लिव्हिड’ म्हणजेच संतप्त झाला. या वाटचालीत रंगाचा पार गोंधळ उडाला. रागाने कोणी पांढराफटक पडतो, कोणी लालबुंद होतो. त्यामुळे ‘फिकट’ आणि ‘लालसर’ हे दोन्ही अर्थ शब्दकोशांत शिरले. जुन्या कथेत ‘लिव्हिड’ चेहरा भेटला, तर माणूस चिडलाय, घाबरलाय की मरणपंथाला लागलाय, हे पुढच्या-मागच्या ओळींवरूनच ठरवावं लागतं. मराठीत ‘रागाने काळानिळा झाला’ म्हणतो, ते याच्या सगळ्यात जवळचं. मारही त्यात येतो आणि संतापही.

वापरताना जागा सांभाळावी. रागासाठी हा शब्द बहुधा क्रियापदानंतर येतो. नामाआधी आला की रंगाकडे झुकतो, जसं ‘अ लिव्हिड स्कार’. तीव्रता शब्दातच असल्याने ‘व्हेरी लिव्हिड’ कानाला खटकतं, ‘अब्सोल्यूटली लिव्हिड’ चालतं. माणसावरचा राग असेल तर ‘विथ’ किंवा ‘अ‍ॅट’, गोष्टीबद्दल असेल तर ‘अबाउट’. ‘व्हिव्हिड’शी नातं फक्त यमकाचं: तो ‘जगणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूतून आला आणि अर्थ ठसठशीत, जिवंत. घाईत टंकताना एका अक्षराची चूक झाली, तर ‘ठसठशीत आठवण’ची ‘काळीनिळी आठवण’ होते आणि स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर ती पकडेलच असं नाही.