लिनक्सवर एवढे डेस्कटॉप आले कुठून? निवडण्याआधी थोडी पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, लिनक्स टाकायचं ठरलंय पण डेस्कटॉप कुठला घेऊ? (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम, आणि डेस्कटॉप म्हणजे तिच्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्टी, मेनू यांचा संच.) आमच्या एरंडवण्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांचा लॅपटॉप २०१५ चा, रॅम ४ जीबी, विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. भाचा म्हणाला केडीई घ्या, त्याचा मित्र म्हणाला ग्नोमच घ्या, तिसऱ्याने एक्सएफसीई सांगितलं. काका वैतागून मला म्हणाले, "अरे, विंडोजने मला इतक्या वर्षांत असलं काही विचारलं नव्हतं रे." हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर फीचर्सच्या तुलनेत नाही सापडत, ते इतिहासात आहे. यातला जवळपास प्रत्येक डेस्कटॉप कुणाचं तरी कुणाशी तरी पटलं नाही म्हणून जन्माला आलाय, आणि भांडण कशावरून होतं ते कळलं की आपल्याला काय हवंय तेही पटकन कळतं.

मुळात लिनक्स आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडक्या या दोन वेगळ्या गोष्टी. खिडक्या काढायचं काम करणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, लिनक्सच्या सात वर्षं आधी, आणि तिची एक्स११ ही आवृत्ती १९८७ ची. एक्स बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठरवलं की आम्ही फक्त चित्र काढून देऊ, माउस आणि कीबोर्ड सांभाळू, पण खिडकीला वरची पट्टी कशी असावी, बंद करायचं बटण कुठे, मेनू कसा, हे आम्ही सांगणार नाही, ज्याचं त्याने बघावं. सगळं इथून सुरू झालं. मग ज्याने त्याने बघितलं, एफव्हीडब्ल्यूएम सारखे विंडो मॅनेजर आले, खिडक्या हलवता यायच्या पण प्रत्येक प्रोग्रामचं रूप वेगळं, एकाची स्क्रोलबार डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे, एकातलं कॉपी केलेलं दुसऱ्यात पेस्ट होईलच असं नाही. युनिक्स (लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी १९९३ मध्ये एकत्र येऊन सीडीई नावाचा डेस्कटॉप जाहीर केला होता, पण तो विकतचा.

१४ ऑक्टोबर १९९६ ला (हो, तारीख तीच, विंडोज १० संपलं त्याच्या बरोबर २९ वर्षं आधीची) जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या माटियास एट्रिश नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की साध्या माणसाला वापरता येईल असा, सगळीकडे सारखा दिसणारा आणि फुकट डेस्कटॉप बनवायचाय, कोण येतंय? नाव केडीई, सीडीईवरूनच. माणसं आली आणि जुलै १९९८ मध्ये १.० निघालं सुद्धा. पण एक गोम होती. केडीई ज्या क्यूट नावाच्या टूलकिटवर (बटणं, मेनू वगैरे काढायचा तयार कोड) उभं होतं ते नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं, आणि त्याचं लायसन्स पूर्ण मोकळं नव्हतं. म्हणजे घर आपलं पण खालची जमीन दुसऱ्याची. डेबियनने (लिनक्स आणि सोबतचे प्रोग्राम एकत्र बांधून देणाऱ्यांपैकी एक) १९९८ मध्ये याच कारणाने केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकलं.

त्याच्या आधीच, ऑगस्ट १९९७ मध्ये, मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं होतं, गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी बनलेलं जीटीके टूलकिट घेऊन, कारण ते पूर्ण मुक्त होतं. क्यूट शेवटी सप्टेंबर २००० मध्ये जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आलं, म्हणजे भांडणाचं मूळ कारणच संपलं, पण तोवर दोन्हीकडे इतक्या लोकांची इतकी वर्षं गेली होती की परत एक होणं शक्य नव्हतं. मला यात वाईट काही वाटत नाही. ग्नोम आलं नसतं तर क्यूट इतक्या लवकर मोकळं झालं असतं का, मला नाही वाटत.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण हा भाग फारसा कुणी सांगत नाही आणि मला तो सगळ्यात जवळचा आहे. सुरुवातीच्या काळात लिनक्सवर मराठी उघडलं की अक्षरांची दैना व्हायची. 'शनिवार' लिहिलं तर पहिली वेलांटी 'न'च्या ऐवजी 'व'ला जाऊन चिकटायची, जोडाक्षरं जुळायचीच नाहीत, नुसती पाय मोडलेली अक्षरं एकापुढे एक उभी. कारण कॉम्प्युटरमध्ये 'न' आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, पण दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते, आणि ही अदलाबदल करणारं कुणीतरी मध्ये लागतं. ते काम पँगो नावाच्या लायब्ररीने (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) केलं आणि जून २००२ मध्ये आलेलं ग्नोम २ तिच्यावर उभं होतं. तरी नुसती लायब्ररी असून भागत नाही, मुक्त फॉन्टही लागतो. तो आला पुण्यातून! इथल्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त लायसन्सखाली सगळ्यांना दिले, आणि डेस्कटॉपचे मेनू मराठीत आणायचं काम पुण्यातल्या कितीतरी लोकांनी, काहींनी नोकरी म्हणून आणि काहींनी घरी बसून रात्री, एकेक ओळ करत केलं. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या कॉलेजात ग्नुनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं तिथे ही मंडळी भेटायची. आज कुठलाही डेस्कटॉप घ्या, मराठी नीट दिसतं हे आपण गृहीत धरतो, त्याच्यामागे हे सगळं आहे.

ग्नोम २ चा काळ म्हणजे बऱ्याच जणांचं पहिलं लिनक्स. उबुंटू, डेबियनसारखंच बांधून दिलेलं लिनक्स, ऑक्टोबर २००४ मध्ये आलं ते ग्नोम घेऊनच, आणि सीडी फुकट पोस्टाने घरी यायची, पाकिटात स्टिकरसुद्धा असायचे. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, सगळं जिथल्या तिथे, हाताला सवय झालेली.

आणि मग एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं. खालची पट्टी गेली, मिनिमाइझचं बटण गेलं, डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले, प्रोग्राम उघडायचा तर पूर्ण स्क्रीनभर वेगळंच काहीतरी. त्याच महिन्यात उबुंटूनेही युनिटी नावाचा स्वतःचा डेस्कटॉप पुढे आणला. (केडीईवाल्यांनी असाच धक्का जानेवारी २००८ मध्ये ४.० च्या वेळी खाल्ला होता, अर्धवट असतानाच बाहेर काढल्यामुळे, आणि तिथून बाहेर पडायला त्यांना बरीच वर्षं लागली.) लोक भडकले. लिनक्स बनवणारे खुद्द लिनस टोरवाल्ड्स एक्सएफसीईवर गेले, दोनेक वर्षांनी परत ग्नोमवर आले ती गोष्ट वेगळी. अर्जेंटिनातल्या एकाने ग्नोम २ चाच कोड उचलून तो जिवंत ठेवला, नाव दिलं माते, तिकडच्या चहासारख्या पेयावरून. लिनक्स मिंट या उबुंटूसारख्याच लिनक्सच्या क्लेमेंट लेफेव्हरने ग्नोम ३ चाच पाया घेऊन त्याच्यावर जुन्या पद्धतीची पट्टी आणि मेनू बसवले, तो सिनॅमन. उबुंटूने युनिटी २०१७ मध्ये सोडून दिलं.

मला स्वतःला ग्नोमचा विचार चुकीचा वाटत नाही, नवीन शिकणाऱ्याला ते छान जमतं, कीबोर्डवर काम करणाऱ्याला तर फारच. पण ज्या माणसाचा हात वीस वर्षं खाली डाव्या कोपऱ्यात जातोय त्याला सांगायचं की आता तिथे काही नाही, हे मला पटत नाही.

हलक्या डेस्कटॉपची गोष्ट छोटी आहे. एक्सएफसीई फ्रान्सच्या ओलिव्हिए फुर्दानने १९९६ च्या सुमाराला सुरू केलं, सीडीईसारखं काहीतरी फुकटात हवं म्हणून, आणि तेव्हापासून ते सावकाश, न बदलता चाललंय. एलएक्सडीई तैवानमधून २००६ मध्ये आलं, आता त्याची जागा एलएक्सक्यूटीने घेतलीय.

आत्ता चालू असलेला बदल म्हणजे एक्स११ जाऊन वेलँड येतंय, क्रिस्टियन हॉग्सबर्गने २००८ मध्ये सुरू केलेलं. ग्नोम आणि केडीई तिकडे पोचलेत, केडीईच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून वेलँडच आधी सुरू होतं, एक्सएफसीईच्या ४.२० मध्ये ते अजून प्रयोग म्हणून आहे. काकांना यातलं काही सांगितलं नाही, गरजही नव्हती.

त्यांना विचारलं एवढंच की दिवसभरात काय काय करता. ब्राउझर, पेन्शनचं बघणं, आणि सोसायटीच्या नोटिसा. मग मिंटचं एक्सएफसीई टाकलं, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, कीबोर्डच्या यादीत मराठी जोडलं आणि त्यांना म्हटलं एक नोटीस लिहून बघा. त्यांनी चष्मा लावून एका बोटाने टाइप केलं, 'दुसऱ्या शनिवारी टाकी धुतली जाईल'. वेलांटी 'न'लाच होती, 'ऱ्या' पण बरोबर आला. काकांनी एकदा वाचून बघितलं आणि प्रिंटरची वायर मागितली.