आरोग्य कर्मचाऱ्यांचा व्यावसायिक दमा

हॉस्पिटल, लॅब किंवा डेंटल क्लिनिकमध्ये काम करताना श्वासातून आत जाणाऱ्या केमिकलमुळे किंवा धुळीमुळे लागणारा दमा. आधीपासून असलेला दमा ड्युटीवर बळावतो तेव्हा त्याला वेगळं नाव देतात, पण एकाच पेशंटमध्ये दोन्ही असू शकतं.

सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय ते ग्लुटाराल्डिहाइडवर. उष्णता न सोसणारी उपकरणं, मुख्यतः एंडोस्कोप, निर्जंतुक करायला १९६० च्या दशकापासून त्याचं साधारण २ टक्क्यांचं द्रावण वापरात आलं. ट्रेचं झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात, घशात खवखव होते, ग्लोव्हज न घालता हात घातला तर कातडी पिवळट तपकिरी पडते. हवेतल्या प्रमाणाची मर्यादासुद्धा सगळीकडे एक नाही, अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १० लाख भागांत ०.२ सुचवली तर ब्रिटनची ०.०५, म्हणजे चौपट कडक. त्याच्या जागी आलेलं ऑर्थोथॅलाल्डिहाइड कमी उडतं म्हणून सुरक्षित धरलं गेलं, पण त्याच्यामुळेही दमा झाल्याच्या नोंदी आहेत.

खरा वाद हा दमा नेमका कसा लागतो याचा आहे. एक मत असं की ही ॲलर्जी, कारण महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे काही होत नाही आणि मग अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो. दुसरं मत असं की श्वासनलिका नुसती जळजळून सुजते. १९८५ मध्ये ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी जे दुखणं मांडलं (मराठीत सुटसुटीत नाव नाही, डॉक्टरही रॅड्सच म्हणतात) त्यात एकदाच भरपूर वाफ छातीत गेल्यावर २४ तासांच्या आत त्रास सुरू होतो आणि निदान ३ महिने टिकतो. ब्लीचमध्ये ॲसिड ओतलं की निघणारा क्लोरीन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. रोज थोडं थोडं फवारणं या व्याख्येत बसत नाही, तरी नर्सेस आणि सफाई कामगारांवरचे अभ्यास बोट दाखवतात ते त्याच्याकडेच. ग्लुटाराल्डिहाइडविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं (रक्तातली ॲलर्जीची खूण) फार थोड्या पेशंटमध्ये सापडतात, त्यामुळे ॲलर्जीवाल्यांची बाजू जरा लंगडी पडते, पण उशिरा लागण्याचं कोडं जळजळवाल्यांनाही नीट सुटत नाही. बेंझाल्कोनियमसारख्या क्वाट म्हणवणाऱ्या जंतुनाशकांबद्दल हाच वाद पुन्हा.

लॅटेक्सचं, म्हणजे ग्लोव्हजच्या नैसर्गिक रबराचं, तसं नाही, तिथे ॲलर्जी सरळ सिद्ध होते. ग्लोव्हज ओढून काढताना जो पांढरा धुरळा उडतो तो मक्याच्या स्टार्चचा, आणि रबराची प्रथिनं त्यालाच चिकटून नाकात जातात. एचआयव्हीच्या भीतीने १९८० च्या दशकात ग्लोव्हजचा वापर एकदम वाढला, तसे पेशंटही. पावडर बंद केल्यावर जर्मनीत नव्या केसेस झपाट्याने घटल्या; अमेरिकेत बंदी २०१७ पासून.

इसबगोलाची भुकटी, फॉर्मॅलिन, हाडाच्या सिमेंटमधलं मिथाइल मेथाक्रिलेट हीसुद्धा कारणं.

निदानासाठी २ ते ४ आठवडे दिवसातून निदान ४ वेळा पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी नळी) फुंकायचं, ड्युटीच्याही दिवशी आणि सुट्टीच्याही. नाइट ड्युटी मध्ये आली की आलेखाची वाट लागते, म्हणून तक्त्यावर शिफ्टही लिहावी.