छापायला देण्याआधी जरा बोलू या

आमच्या छापखान्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, महाल, नागपूर

लग्नपत्रिका, मंडळाचं पावतीपुस्तक, डॉक्टरांच्या फायली, क्लासचं पॅम्फ्लेट, कवितांचा पहिला संग्रह. काम कोणतंही असो, आता ते मोबाइलवरच सुरू होतं. मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, तपासायचं प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं, ॲडव्हान्स यूपीआयने येतो आणि पुष्कळदा माल न्यायला येईपर्यंत ग्राहकाची आणि आमची गाठही पडत नाही. ही सोय आम्हालाही हवीच आहे. पण काउंटरवर उभ्या उभ्या पाच-दहा मिनिटं जे बोलणं व्हायचं, त्यात कामातल्या निम्म्या अडचणी तिथल्या तिथे सुटायच्या. ते बोलणं कमी झाल्यापासून चांगल्या मशीनवरही काम बिघडताना आम्ही पाहतो. म्हणून काउंटरवर जे सांगायचो, ते इथे लिहून देत आहोत.

किती प्रती, कोणती मशीन

खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारे कंपोझिटर गेले. १९८५ च्या सुमारास जगात डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग) आलं आणि मजकूर संगणकावर लागू लागला. १९९३ साली पीडीएफ आलं आणि त्याच वर्षी प्लेटशिवाय रंगीत छापणाऱ्या पहिल्या डिजिटल प्रेसही बाजारात आल्या. या दोन गोष्टींनी आमचा धंदा मुळापासून बदलला, आणि त्याचा फायदा थेट तुमच्या खिशाला आहे.

ऑफसेटवर छापायचं तर आधी प्लेट, म्हणजे मजकूर उमटवलेले धातूचे पत्रे, बनवाव्या लागतात. रंगीत कामाला चार: सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा. प्लेट मशीनवर चढवायच्या, रजिस्टर जुळवायचं, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, शाई एकसारखी पडेपर्यंत काही कागद वाया घालवायचे. हा खर्च १०० प्रती काढा की ५,०००, तेवढाच येतो. त्यामुळे प्रती वाढल्या की दर झपाट्याने उतरतो. डिजिटलला प्लेटच नाही. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत एकाच भावाची. आमच्याकडे साधारण ५०० प्रतींच्या आत डिजिटल परवडतं, त्यापुढे ऑफसेट. ५०० च्या आसपासच्या आकड्यांना कागद आणि आकार पाहून दोन्ही हिशेब काढून देतो.

हे सांगायचं कारण असं की बरेच जण अजूनही जुन्या सवयीने हजार प्रती मागतात. कवितासंग्रहाच्या हजार प्रती छापून सातशे माळ्यावर ठेवण्यापेक्षा शंभर काढा, संपल्या की पुन्हा शंभर काढू. फाइल आमच्याकडे असते. याउलट धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर विकायची पुस्तिका असेल तर डिजिटलच्या वाटेला जाऊ नका. तिथे पुस्तकं हातोहात जातात, ऑफसेटच स्वस्त पडेल. पुस्तकाची पानं ठरवताना एक लक्षात ठेवा: डेमी १/८ या पुस्तकाच्या आकारात १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला एक मोठा कागद, होतो. तुमचं पुस्तक ९८ पानांचं असेल तर शेवटच्या दोन पानांसाठी वेगळा कागद लावावा लागतो. दोन पानं कमी करून ९६ वर आणलंत तर पैसे वाचतात. हे मजकूर लावण्याआधी सांगितलं तर सोपं जातं, नंतर सगळी मांडणी हलवावी लागते.

खिळ्यांची छपाई करणारी जुनी ट्रेडल मशीन आम्ही अजून ठेवली आहे. तिच्यावर छापत नाही, पण पावतीपुस्तकाचे लाल नंबर, फाडायची टिंबांची रेघ आणि जाड कार्डाची घडी यासाठी तिच्याइतकं स्वच्छ काम दुसरं कुठलं मशीन आमच्याकडे करत नाही.

रंगाबद्दल

"भाऊ, मोबाइलमध्ये दिसून राहिला तसाच रंग पाहिजे." हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि ते अगदी रास्त आहे. अडचण अशी की मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. पडद्यावर लाल, हिरवा, निळा असे उजेडाचे तीन रंग मिसळतात, कागदावर शाईचे चार. पडद्यावरचे काही रंग चार शायांमधून निघतच नाहीत, मग मशीन कितीही महाग असो.

नागपुरात दोन रंगांचा प्रश्न कायम येतो. एक संत्र्याचा नारिंगी. फळाच्या पेटीवर, ज्यूसच्या लेबलवर तो तजेलदार हवा असतो आणि चार रंगांत थोडा मातकट येतो. दुसरा निळा. सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर टाकले की पडद्यावर सुंदर दिसणारा निळा कागदावर जांभळा उतरतो. झेंडा, मंडळाचं चिन्ह, संस्थेचा लोगो अशा ठिकाणी तो जांभळा होऊन चालत नाही. उपाय दोन आहेत. मॅजेंटा कमी करून निळा स्वच्छ ठेवता येतो. नारिंगीसारख्या रंगाला पाचवी, खास मिसळलेली शाई लावता येते. तिचा खर्च जास्त, पण पेटी दुकानात उठून दिसते. रंग महत्त्वाचा असेल तर आधी छापलेला एखादा नमुना, जुनं कार्ड, कापडाचा तुकडा, काहीही घेऊन या. तो हातात असला की आमच्या मशीनमनला नेमकं कुठे जायचं ते कळतं. मोबाइलच्या फोटोवरून ते कळत नाही.

हवेचाही हात असतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कोरड्या हवेत कागदाच्या कडा वळतात. उकाड्यावर उपाय म्हणून कूलर लावला तर कागद ओल धरून फुगतो आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. त्यामुळे आमच्या छपाईच्या खोलीत कागदाच्या रिमांवर कूलरचा झोत येऊ देत नाही, कामगारांना गरम होत असलं तरी. पावसाळ्यात गुळगुळीत आर्ट पेपरवरची शाई वाळायला वेळ लागतो. ओला माल कापला किंवा थप्पी लावून ठेवला तर एका पानाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उमटते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही एक दिवस जास्त मागितला तर त्यामागचं कारण हे आहे.

फोटो आणि फाइल कशी पाठवायची

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते त्याचा आकार कमी करून पाठवतं. मोबाइलवर फरक दिसत नाही, छापल्यावर चेहरा धुरकट येतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. हिशेब सोपा आहे: छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला किमान १,२०० बाय १,८०० पिक्सेल हवेत. फेसबुकवरून उतरवलेला फोटो किंवा स्क्रीनशॉट इथे बहुतेक वेळा कमी पडतो. चौकातल्या मोठ्या बॅनरला इतकी बारकाई लागत नाही, कारण तो लांबून बघायचा असतो.

हल्ली एआयने बनवलेली चित्रं घेऊन लोक येतात. चित्रं छान असतात, आम्ही ती आनंदाने वापरतो. पण त्यातली मराठी अक्षरं तशीच छापू नका. वेलांटी भलतीकडे, जोडाक्षर मोडलेलं, कधी अक्षरच नसलेलं अक्षर. आम्हाला चित्र अक्षरांशिवाय द्या, नाव आम्ही टाइप करून बसवतो.

टाइप केलेल्या मजकुराचाही एक पेच आहे. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात, मोबाइलवरचं मराठी युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात नेताना अक्षरं हमखास बिघडतात. त्यात 'वऱ्हाडी मंडळी'तला 'ऱ्ह' पहिला बळी जातो आणि त्याचा 'र्ह' होऊन बसतो. विदर्भात पत्रिकेवर ते चुकलं तर सगळ्यांच्या नजरेत येतं. मजकूर रूपांतरित केला की आम्ही तो पुन्हा ओळीने वाचतो, तुम्हीही वाचा.

प्रूफ: इथे माणूसच लागतो

या एका गोष्टीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा अशी विनंती आहे.

लग्नपत्रिकेचं प्रूफ आता कुटुंबाच्या ग्रुपवर जातं. मग काकाजींचा बदल वेगळा येतो, आत्याचा वेगळा, पुण्याच्या भावाचा व्हॉइस मेसेज वेगळा. कोणी जुन्या प्रूफवर खूण करतं, कोणी नव्यावर. यातूनच घोळ होतो. कृपया घरातलं एक माणूस ठरवा. सगळ्यांचे बदल त्याच्याकडे जमा होऊ द्या आणि 'छापा' हा शब्द फक्त त्याच्याकडून येऊ द्या. आम्ही बाकी कोणाचा होकार धरत नाही.

तारीख आणि वार जुळतो का, पिनकोड बरोबर आहे का, हे संगणक सांगतो. पण 'स्व.' कोणाच्या नावाआधी लावायचं, दोन मामांपैकी थोरले कोण, नवरीच्या आजीचं नाव निमंत्रकांत घ्यायचं की आशीर्वादात, हे त्याला माहीत नसतं. आमच्याकडे पत्रिका लावणाऱ्या ताई मजकूर हातात आला की आधी विचारतात, "मामाकडचं नाव आलं का? आजोबा आहेत की नाहीत?" काहींना वाटतं, यांना कशाला चौकशा. पण मुलांच्या लाडक्या ओळीत धाकट्या चुलतभावाचं नाव राहिलं आणि पत्रिका वाटून झाल्यावर रुसवा झाला, असं आम्ही इतक्या घरांत पाहिलं आहे की हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. कित्येक घरांच्या आम्ही आईवडिलांच्या पत्रिकाही छापल्या आहेत. जुनी पत्रिका घरी असेल तर आणा. नावांचा क्रम तिच्यावरून लगेच लागतो.

शेवटचं प्रूफ कागदावर बघा, शक्य असेल तर आमच्याकडे येऊन. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं. मोबाइलवर डोळा ओळीवरून घसरतो, बोट ठेवलं की थांबतो.

क्यूआर कोड

सभागृहाचा नकाशा, यूपीआय, मंडळाचं पान, सगळं आता क्यूआरवर असतं. कोड किमान २ सेंटिमीटरचा ठेवा, भोवती कोरी जागा सोडा, गडद कोड फिक्या पार्श्वभूमीवर घ्या. मरून कागदावर सोनेरी फॉइलचा कोड दिसतो सुंदर, पण चमकेमुळे कॅमेऱ्याला तो बऱ्याचदा वाचता येत नाही. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट मधे स्वतःचा दुवा घालतात आणि मुदत संपली की तो बंद पाडतात. छापलेल्या पत्रिकेत मग काही करता येत नाही. पत्ता थेट कोडमध्ये असला की ही भीती नाही. आम्ही तसाच बनवून देतो आणि छापण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासतो.

नावानिशी छपाई

तान्हा पोळ्याच्या नंदी सजावट स्पर्धेत प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. पूर्वी प्रमाणपत्र छापून नाव हाताने भरायचे. आता एक्सेलची यादी दिलीत तर प्रत्येक प्रमाणपत्रावर नाव, वर्ग, क्रमांक छापून येतो. ओळखपत्रांचंही तसंच. यादीतलं नाव चुकलं असेल तर ते चुकीचंच छापलं जाईल, तेवढं शाळेने बघून द्यावं. मुलांची माहिती, फोटो, फोन नंबर काम झाल्यावर आमच्याकडच्या संगणकावरून पुसून टाकतो.

तुमचं काम किती हातांतून जातं

आमच्यासारख्या लहान छापखान्यात सगळी मशीनं एका छपराखाली नसतात. प्लेट एकीकडे बनते, लॅमिनेशन दुसरीकडे, डाय-पंचिंग (साच्याने आकार कापणं) आणि फॉइल (चमकदार पन्नी बसवणं) तिसरीकडे, पुस्तकाची बांधणी चौथ्या ठिकाणी. हे सगळे महाल, इतवारी, गांधीबाग भागातले वर्षानुवर्षांचे ओळखीचे लोक आहेत. बाइंडर तुमचं पुस्तक हातात घेऊनच सांगतो, "या कागदाला पिन नको, शिवण घ्या." असा सल्ला कोणत्याही वेबसाइटवर मिळत नाही, आणि आम्ही तो तुमच्यापर्यंत पोचवतो.

ऑनलाइन व्हिजिटिंग कार्ड स्वस्त मिळतात, हे खरं आहे. तिथे पुष्कळ ग्राहकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर लावून एकत्र छापतात, म्हणून दर पडतो. साधं कार्ड असेल, रंगाचा आग्रह नसेल, तर खुशाल तिथे घ्या, आम्हाला वाईट वाटणार नाही. रंग अचूक हवा असेल, कागद हाताने चाचपून घ्यायचा असेल किंवा काम अडलं तर कोणाशी बोलायचं हे माहीत असावं असं वाटत असेल, तर आमच्याकडे या.

निवडणुकीचं काम

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचं नाव-पत्ता छापावाच लागतो. प्रकाशकाची सही असलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोन जणांनी साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापन आम्हाला आधी लागतं, आणि त्याची प्रत छापील पत्रकासह आम्ही प्रशासनाकडे पाठवतो. कागद पुरे नसतील तर ओळखीचा माणूस असला तरी मशीन सुरू करत नाही. हा नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

केव्हा यायचं

दिवाळीआधी कॅलेंडर आणि डायऱ्यांची गर्दी असते आणि तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते. या काळात कापणीचं मशीन आणि बाइंडर दोन्ही अडकलेले असतात. साध्या पत्रिकेला मजकूर पक्का झाल्यापासून चार दिवस, फॉइल किंवा कटिंग असेल तर आठवडा, पुस्तकाला दोन ते तीन आठवडे धरा. मुहूर्त निघाला की मजकूर तयार नसला तरी एक फोन करा. तुम्ही पसंत केलेला कागद आणि लिफाफे आम्ही त्याच दिवशी बाजूला काढून ठेवतो.