गायक तुमच्यापासून किती मिलिसेकंद दूर आहे?

गेल्या हिवाळ्यात गिरगावातल्या एका वाडीच्या जुन्या दिवाणखान्यात झालेल्या बैठकीला मी जाजमावर मांडी घालून, गायिकेपासून जेमतेम चार मीटरवर बसलो होतो. विलंबित ख्यालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी तिने घेतलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला आणि पुढच्या क्षणी सम येणार हे माझ्या मानेला माझ्याआधी कळले. त्यानंतर महिन्याभराने नवी मुंबईतल्या एका स्टेडियममध्ये, रंगमंचापासून सुमारे सव्वाशे मीटरवर, हजारो लोकांच्या गर्दीत उभे राहून मी एका परदेशी बँडची गाणी ऐकली. हात लांब करून करंगळीचे नख डोळ्यासमोर धरले की अख्खा गायक त्यामागे झाकला जात होता, तरीही अंगावर काटा आलाच. अधिक आनंद कुठे मिळतो, लहान जागेत की मोठ्या, हा वाद मित्रांत निघाला की बहुतेक जण खुर्च्यांच्या संख्येवरून मत देतात. मला ते माप फार ढोबळ वाटते. आवाज कलाकाराकडून तुमच्या कानापर्यंत यायला आणि तुमची दाद त्याच्यापर्यंत परत जायला किती वेळ लागतो, हे पाहिले तर या वादातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मुंबईच्या उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे दिवाणखान्यातल्या माझ्या जागेपर्यंत स्वर पोहोचायला ११-१२ मिलिसेकंद लागत होते, एखाद्या नाट्यगृहात ३५ मीटरवर बाल्कनीत बसलेल्याला १०० मिलिसेकंद लागतात, आणि स्टेडियममधल्या माझ्या जागेपर्यंत आवाज जवळजवळ ३६० मिलिसेकंदांनी येत होता. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचे अंतर असते. त्यामुळे माझ्या आजूबाजूचे लोक अगदी ठेक्यावर टाळ्या वाजवत असले तरी रंगमंचाच्या हिशेबाने आम्ही पाऊण ठोक्याच्या आसपास मागे होतो, आणि आमची टाळी परत गायकाच्या कानावर जाईपर्यंत एकूण पाऊण सेकंद उलटत होता. उंचावरच्या कॅमेऱ्यातून अशा मैदानाचे दृश्य पाहिले की वर उचललेले हात एकदम खाली येताना दिसत नाहीत. शेतातल्या पिकावरून वारा जावा तशी हातांची लाट मागे सरकत जाते. त्या टाळ्यांच्या नादाने गायक लयीतून सुटेल, म्हणून वादकांचा ताल थेट कानात पोहोचवणारे छोटे इअरफोन तो घालतो. याचा दुसरा अर्थ असा की समोरच्या हजारो लोकांपासून त्याने आपले कान काही प्रमाणात बंद करून घेतलेले असतात.

लहान खोलीचे पहिले बळ म्हणजे तिच्या भिंती. उघड्यावर ध्वनीच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. गायकाचा आवाज एका मीटरवर ८० डेसिबल धरला, तर मोकळ्या मैदानात ६४ मीटरवर तो ४४ डेसिबलच उरेल. आपल्याकडे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलपर्यंतच्या आवाजाला नियमानेच मुभा आहे, तेव्हा असे गाणे शहराच्या नेहमीच्या गलबल्यात बुडून जाणार हे उघड आहे. बंद खोलीत मात्र भिंतींवरून आणि छतावरून परतलेला आवाजही कानावर येतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की मूळ आवाजानंतर अगदी थोड्या मिलिसेकंदांच्या आत येणारे असे परतीचे आवाज मेंदू वेगळे मोजत नाही, तो ते मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि आवाज भरदार झाल्यासारखा वाटतो. बोलण्याच्या बाबतीत ही सवलत साधारण ५० मिलिसेकंदांची, म्हणजे सतराएक मीटर जादा प्रवासाची असते. दहा बाय आठ मीटरच्या दिवाणखान्यात पहिल्या फेरीतले सगळे परतीचे आवाज या सवलतीत आरामात बसतात. म्हणजे ही खोली विजेशिवाय चालणारा ॲम्प्लिफायरच होते.

पण भिंतींनी आवाज फार काळ धरून ठेवला तर गोंधळ होतो. हा गोंधळ मोजायला शिकवले ते हार्वर्डचे तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कुणाला कळेना, म्हणून ते काम त्यांच्याकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवून ती थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचे, असा खटाटोप त्यांनी केला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारे सेकंद मिळतात. शोषणाचे माप म्हणून सॅबिन यांनी उघडी खिडकी घेतली होती, कारण तिच्यातून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. मुंबईत उघड्या खिडकीतून आत काय येते, याचा विचार त्यांना करावा लागला नव्हता, हे त्यांचे भाग्यच.

हे सूत्र गिरगावच्या खोलीला लावून पाहू. दहा बाय आठ आणि साडेतीन मीटर उंचीच्या खोलीचे घनफळ २८० घनमीटर होते. रिकाम्या खोलीतले शोषण १५ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके धरले तर आवाज विरायला ३ सेकंद लागतील. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो, म्हणून शंभर रसिक दाटीवाटीने बसले की हाच काळ ०.७ सेकंदावर येतो. आता सेकंदाला आठ स्वरांची तान घेऊ. प्रत्येक स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. ३ सेकंदांच्या खोलीत पुढचा स्वर लागेपर्यंत मागचा स्वर फक्त अडीच डेसिबलने उतरलेला असतो, म्हणून तानेचे दाणे एकमेकांना चिकटतात, तर ०.७ सेकंदाच्या खोलीत तो जवळजवळ ११ डेसिबलने उतरतो आणि दाणा सुटा ऐकू येतो. याउलट पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळणारा आवाज मानवतो, कारण व्हायोलिनांचे लांबलचक स्वर एकमेकांत मिसळावेत अशीच ती रचना असते.

नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आवारात हा फरक शेजारी शेजारी पाहता येतो. १९८० साली उघडलेल्या टाटा थिएटरमध्ये १,०१० आसने आहेत, वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. भारतीय संगीत डोळ्यासमोर ठेवून बांधलेल्या त्या सभागृहात प्रेक्षक रंगमंचाला अर्धवर्तुळात वेढून बसतात. १९९९ मधल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये १,१०९ आसने आहेत आणि तिथे ऑपेरा नि सिम्फनीला वाव आहे. खुर्च्या जवळपास सारख्याच असल्या तरी दोन्ही जागा एकाच कामाच्या नाहीत. शीवच्या सुमारे २,७०० आसनांच्या षण्मुखानंद सभागृहात तर माइकशिवाय मैफलीचा विचारही कुणी करणार नाही, आणि एकदा माइक आला की आपण ऐकतो त्यात साउंडवाल्याचा वाटा गायकाइतकाच मोठा होतो.

लहान जागेचे कौतुक करताना तिचे दोष लपवू नयेत. दोनेकशे खुर्च्यांच्या एका सभागृहात तबल्याचा माइक इतका चढवलेला होता की डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला माझ्या पायाखालची फळी थरथरत होती आणि तानपुरा मात्र वाजतो आहे की नाही तेच समजत नव्हते. जवारीमुळे, म्हणजे तार घोडीवर हलकेच घासून येणाऱ्या झंकारामुळे, तानपुऱ्यातून उमटणारे वरचे नाजूक स्वर हाच जवळ बसण्याचा खरा लाभ असतो, आणि नेमके तेच पहिल्यांदा दबले जातात. शिवाय खर्जाच्या बाबतीत लहान खोली भौतिकशास्त्राच्या कात्रीत सापडते. चार मीटर अंतरावरच्या दोन समांतर भिंतींमध्ये ४३-४४ हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, म्हणून तो स्वर भिंतीलगत बसलेल्याला छातीवर आदळल्यासारखा वाटतो आणि मध्यभागी बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. बेस गिटार आणि ड्रम घेऊन तळघरातल्या क्लबमध्ये वाजवणाऱ्यांना हा त्रास पुरेपूर ठाऊक असतो. कानांना धोकाही तिथे कमी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, पण ड्रमपासून तीन मीटरवर बसणाऱ्याच्या वाट्याला याहून जास्त आवाज सहज येऊ शकतो.

स्टेडियमला आवाजाची जागा म्हणणे जरा धाडसाचेच, तरी तिथले अभियांत्रिकी कौशल्य पाहण्यासारखे असते. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे टांगलेले स्पीकर वर आणि खाली आवाज वाया न घालवता तो समोर फेकतात. मैदानाच्या मध्यावर आणखी मनोरे उभे करतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. ७० मीटरवरच्या मनोऱ्यासाठी हा उशीर २०० मिलिसेकंद आणि वर आणखी दहा-वीस मिलिसेकंद असा ठेवतात, म्हणजे रंगमंचाचा आवाज किंचित आधी कानावर येतो आणि हास यांच्या नियमाने मेंदू सगळा आवाज समोरूनच आल्याचे मानतो. आपल्या दमट हवेचाही यात उपयोग होतो, हे कळल्यावर मला गंमत वाटली. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेतून १०० मीटर जाताना ८,००० हर्ट्झचा तीक्ष्ण आवाज हवेमुळे सुमारे ६ डेसिबल गमावतो, तर १५ अंशांच्या कोरड्या हवेत, आर्द्रता २० टक्के असेल तर, हीच घट २० डेसिबलच्या घरात जाते. ज्या हवेने आपला सदरा पाठीला चिकटतो त्याच हवेतून झांजेचा किणकिणाट मागच्या रांगेपर्यंत टिकतो. रात्री जमीन थंड झाल्यावर तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरच्या इमारतींपर्यंत पोहोचतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, या २००० सालच्या नियमामागे झोप हे कारण आहे, पण हवेचा हा खेळही त्याच बाजूचा आहे. या नियमापायी मोकळ्या मांडवात उत्तररात्री रंगणारा मालकंस आपण गमावला, याची खंत मला वाटते. झोपणाऱ्यांची बाजू मात्र खोडता येत नाही.

मग एवढा उशिरा, एवढ्या दुरून आलेला आवाज ऐकून अंगावर काटा का येतो? काही अंशी तो आपण कानाने ऐकतच नसतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात संशोधकांनी अतिखर्ज, ऐकू न येणारा आवाज सोडणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना प्रेक्षकांची हालचाल ११.८ टक्क्यांनी वाढली, आणि स्पीकर कधी चालू होते ते कुणाला ओळखता आले नाही. हा प्रयोग शंभरेक आसनांच्या सभागृहातला आहे हे विसरू नये, पण असा खर्ज निर्माण करायला लागणारी यंत्रणा आणि तो गिळायला लागणारे मोकळे आकाश मोठ्या मैदानातच सहसा एकत्र मिळते. उरलेला भाग गर्दीचा. लंडनमधल्या एका समूहगायन संस्थेच्या अभ्यासात २० ते ८० जणांच्या नेहमीच्या तुकड्यांची आणि २३२ जणांच्या एकत्रित समूहाची तुलना केली गेली. लहान तुकडीत आपलेपणा आधीपासूनच जास्त होता आणि गाण्यानंतरही तो जास्तच राहिला, पण गाण्यामुळे आपलेपणात झालेली वाढ मोठ्या समूहात अधिक होती. अनोळखी माणसे एकत्र गायली की जवळीक झपाट्याने वाढते, हे लालबागच्या गणपतीसमोरच्या आरतीत उभे राहिलेल्या कुणालाही पटेल. स्टेडियममध्ये रंगमंच ३६० मिलिसेकंद दूर असला, तरी शेजारी गाणारा माणूस दोन-तीन मिलिसेकंदांवरच असतो, आणि तिथे आपण बहुतेक वेळ त्याच्यासोबत असतो.

बैठकीतली देवाणघेवाण मात्र गर्दीत मिळत नाही. झ्युरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्याच्या मेंदूतल्या ॲमिग्डला या भावनांशी निगडित भागाची हालचाल पियानोवादकाला त्याच क्षणी दाखवली आणि तिच्याकडे पाहून वादन बदलायला सांगितले. ध्वनिमुद्रणापेक्षा अशा जिवंत वादनाने श्रोत्यांच्या मेंदूत अधिक तीव्र आणि अधिक सातत्याचा प्रतिसाद उमटला. आपल्या गवयाला स्कॅनरची गरज भासत नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या रसिकाने मान हलवून ‘वाह’ म्हटले की दहा-पंधरा मिलिसेकंदांत ते त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तीच जागा तो पुन्हा वेगळ्या वळणाने घेतो. पंधरा-वीस मीटरपलीकडे चेहऱ्यावरचे बारकावे दिसेनासे होतात आणि हा धागा सैलावत जातो. म्हणून रागसंगीतासाठी माझी पसंती ठाम आहे: जागा कितीही मोठी असो, मी विसाव्या मीटरच्या अलीकडे बसेन, नाहीतर घरी बसून ध्वनिमुद्रण ऐकेन.

गिरगावची ती बैठक संपल्यावर चहा घेऊन बहुतेक मंडळी पांगली. तानपुरे गवसणीत गेले आणि दोघे जण जाजम गुंडाळू लागले. दाराशी चप्पल शोधताना मी सहज एक टाळी वाजवली. तासाभरापूर्वी जिथे तानेचा दाणा न् दाणा सुटा ऐकू येत होता, तिथे त्या टाळीचा आवाज चर्चमध्ये घुमावा तसा तीनेक सेकंद घुमत राहिला आणि जाजम उचलणाऱ्या माणसाने वर पाहिले.