गोशे आजार: बिघाड थेट रोगप्रतिकारक पेशीत

गोशे आजार म्हणजे एका विकराची (एन्झाइमची) कमतरता, पोटात वाढलेली पांथरी आणि दुखरी, ठिसूळ हाडं, असं सहसा सांगितलं जातं. हे खरं आहे, पण अर्धंच. ज्या पेशीत हा आजार मुक्काम ठोकतो ती मॅक्रोफेज मुळात आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतलीच पेशी. त्यामुळे या रुग्णांच्या प्रतिकारशक्तीतल्या गडबडीला आजाराची दूरची गुंतागुंत मानणं मला पटत नाही. ती आजाराच्या गाभ्यातच आहे.

लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यानंतर मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि आतल्या लायसोसोममध्ये, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या लयकारिकेत, पचवतात. पेशीच्या आवरणातला ग्लुकोसेरेब्रोसाइड हा स्निग्ध पदार्थ तोडायला ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचं विकर लागतं. ‘जीबीए१’ या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असल्या की हे विकर कमी पडतं आणि पदार्थ साठत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी फुगलेली पेशी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते. १८८२ मध्ये फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यकीय विद्यार्थ्याने एका ३२ वर्षांच्या स्त्रीच्या पांथरीत या पेशी पाहिल्या, तेव्हा त्याला तो कॅन्सर वाटला. खरं कारण, म्हणजे विकराची कमतरता, अमेरिकेत रॉस्को ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं.

फुगलेली गोशे पेशी स्वस्थ बसत नाही. ती आणि तिच्या आसपासच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. कायटोट्रायोसिडेज हे मॅक्रोफेजचं आणखी एक विकर या रुग्णांच्या रक्तात कित्येकदा शेकडो पटींनी वाढलेलं सापडतं, म्हणून उपचार लागू पडतोय का हे पाहायला डॉक्टर ते मोजतात.

साठलेल्या पदार्थापासूनच ग्लुकोसिलस्फिंगोसिन तयार होतं, आणि खरी मेख इथे आहे. जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी या स्वतःच्याच शरीरातल्या पदार्थामुळे वर्षानुवर्षं डिवचल्या जातात. बऱ्याच रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं वाढलेली असतात. काहींमध्ये एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचं प्रतिपिंड ओसंडून वाहू लागतं, आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचा धोका सर्वसामान्यांपेक्षा वाढतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्णांची अशी प्रतिपिंडं नेमकी ग्लुकोसिलस्फिंगोसिन या स्निग्ध पदार्थालाच चिकटताना दिसली.

पुढच्याच वर्षी आणखी एक कडी जुळली. ग्लुकोसेरेब्रोसाइडविरुद्धची प्रतिपिंडं रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ या प्रथिनसाखळीला जागं करतात. त्यातून निघणारा ‘सी५ए’ हा घटक पेशींना तोच पदार्थ आणखी बनवायला लावतो. म्हणजे साठ्यामुळे दाह आणि दाहामुळे पुन्हा साठा! उंदरांमध्ये सी५एचा मार्ग अडवल्यावर दोन्ही कमी झाले. या आजाराकडे बघण्याची दृष्टी बदलणारा हा शोध आहे, असं मला मनापासून वाटतं.

संसर्गाचा प्रश्न वेगळा. काही रुग्णांत पांढऱ्या पेशींची संख्या घटते, काहींत त्या जंतूंकडे नीट धाव घेत नाहीत. पूर्वी वाढलेली पांथरी सर्रास काढून टाकत. अशा व्यक्तीला न्युमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर राहतो, म्हणून तिचं लसीकरण अजिबात चुकवू नये.

उपचारांमागची युक्ती सुंदर आहे. बाहेरून दिलेलं विकर मॅक्रोफेजपर्यंत पोचत नव्हतं. त्यावरच्या शर्करासाखळ्या छाटून टोकाला मॅनोज ही शर्करा उघडी केली, तेव्हा मॅक्रोफेज ते ओळखून आत घेऊ लागल्या. १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं असं पहिलं औषध मानवी वारेतून (प्लॅसेंटातून) काढलेलं होतं. आता ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून मिळतं. पांथरी आणि रक्त त्याने छान सुधारतं. मात्र काही रुग्णांचं शरीर या विकराविरुद्धही प्रतिपिंडं बनवतं.

भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात गोशेचा समावेश आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक. धोरणातून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, पण औषध आयुष्यभर घ्यायचं असल्याने ही रक्कम पुरणारी नाही.

आपल्याकडे पांथरी वाढली की आधी मलेरिया, थॅलेसेमिया, यकृताचे विकार आठवतात, आणि ते योग्यच. पण ती कारणं बाद झाली आणि प्लेटलेट कमीच असतील, तर रक्तातल्या विकराची तपासणी करून घ्यावी. निदान झालेल्या प्रौढांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणारी चाचणी, ठरावीक काळाने करावी का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. एकाच प्रकारचं वाढलेलं प्रतिपिंड त्याच चाचणीत दिसतं.