हळदीच्या पट्ट्या आणि एकच बफर : पार्श्वभूमी

सांगलीतल्या हळद सौद्यांच्या फाइली वाचून गाळावार बेरीज काढणारं आमचं कमांड-लाइन टूल आता प्रत्येक ओळीसाठी नवी मेमरी मागत नाही. एकदा घेतलेला बफरच (डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा) शेवटच्या ओळीपर्यंत पुरतो.

रीत जुनीच आहे. पीडीपी-११ या जुन्या संगणकावर १६ बिटांच्या पत्त्यांमुळे डेटाला जास्तीत जास्त ६४ केबी मिळत. तिथे दुसरा पर्यायच नव्हता. सी भाषेतलं गेटलाइन हे ओळ वाचणारं फंक्शनही हातातला बफर वापरतं, ओळ मावली नाही तरच वाढवतं. पोसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात ते २००८ साली आलं.

खरा वाद गो भाषेतल्या स्कॅनरचा, म्हणजे फाइल ओळीओळीने वाचून देणाऱ्या साधनाचा. २०१३ मध्ये आवृत्ती १.१ सोबत तो आला तो दोन वाटा घेऊन. ‘टेक्स्ट’ दर ओळीची वेगळी प्रत देतं. ‘बाइट्स’ आतल्या बफरचाच तुकडा हाती ठेवतं आणि पुढच्या वाचनात त्यावर दुसरंच काही लिहिलं जाऊ शकतं. समजा ‘गाळा ४७|राजापुरी|५०’ या ओळीतला ‘राजापुरी’ (हळदीची जात) तसाच यादीत ठेवला. बफर सुरुवातीला ४०९६ बाइटांचा असतो, त्यामुळे चार ओळींच्या चाचणीत सगळं बरोबर दिसतं. पूर्ण हंगामाची फाइल दिली, की त्या जागी भलत्याच ओळीचा तुकडा येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणून तो मधेच तुटू शकतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हं उमटतात. असा धोका उघडा ठेवायला नको होता, असं अनेकांचं म्हणणं आहे आणि ते अगदीच चूक नाही. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो. बेरीज करणाऱ्या टूलला ओळ क्षणभरच लागते. तिची प्रत काढण्याची सक्ती कशासाठी? मॅपमध्ये (गाळा आणि त्याची बेरीज यांच्या जोड्यांच्या तक्त्यात) गाळा शोधताना कंपायलर प्रत टाळतो. नवा गाळा पहिल्यांदा दिसला, तेवढ्यापुरतीच ती काढावी लागते.

पुढचे बदल टप्प्याटप्प्याने आले. २०१४ मध्ये १.३ सोबत सिंक पूल, म्हणजे पुन्हा वापरायच्या बफरांचा साठा आला, पण कचरा (वापरात नसलेली मेमरी) गोळा होताना तो दर वेळी रिकामा होई. २०१९ च्या १.१३ पासून त्यातले बफर आणखी एक फेरी टिकतात. मग उलटाच प्रश्न उभा राहिला: एखाद्या अवाढव्य ओळीने फुगलेला बफर पूलमध्ये परत गेला, तर ती मेमरी अडकून पडते. गोच्या छपाई पॅकेजमध्ये म्हणूनच ६४ केबीहून मोठा बफर परत ठेवत नाहीत. आमचं टूल एका वेळी एकच फाइल वाचतं, त्यामुळे त्यात पूल घेतलेला नाही.